चार टेबलं, एक जाळं

ऑफिस थाटायचं म्हटलं की आपण आधी कशाचा विचार करतो? खुर्च्यांचा. मग एसीचा. मग भिंतींच्या रंगाचा. त्यानंतर कॉफी मशीन घ्यायचं की खालच्या टपरीवरून कटिंग चहा मागवायचा, यावर तासभर सॉलिड चर्चा होते. नेटवर्कचा विषय निघतो सगळ्यात शेवटी आणि तोही एका वाक्यात आटोपतो. 'वायफाय घेऊ ना यार!'

लग्नाचा हॉल ठरला, मेन्यू ठरला, फोटोग्राफरला ॲडव्हान्स दिला आणि आदल्या रात्री कुणीतरी विचारतं, 'अरे, भटजींना सांगितलंय ना?' अगदी तशातला प्रकार!

आमचंही तसंच व्हायचं होतं. आमचं म्हणजे चौघांचं. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे बॉस नाही, पगार नाही आणि रविवारही नाही. दुसरी ग्राफिक डिझायनर. तिसरा सिनेमा-सीरियल्सना सबटायटल्स लिहिणारा. आणि चौथी, नुकतीच स्वतःची प्रॅक्टिस सुरू केलेली सीए. २०२०च्या लॉकडाऊनपासून डायनिंग टेबलावर ऑफिस मांडून आणि 'जरा लॅपटॉप उचल, ताटं घ्यायचीत' ऐकून चौघंही जाम वैतागलेलो. २०२४च्या जूनमध्ये गिरगावात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर साडेतीनशे चौरस फुटांची जागा भाड्यानं मिळाली. लाकडी जिना, दोन खोल्या आणि मधे दीड फूट जाडीची भिंत. मालकांची अट एकच, 'भिंतीला ड्रिल लावायचं नाही.'

त्या भिंतीनंच आमचा वायफायचा फुगा फोडला. पुढच्या खोलीत राउटर ठेवला तर मागच्या खोलीत फोन हातात धरून 'येतंय का रेंज?' करत फिरायची वेळ. वायफायचं गणित साधं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात आजूबाजूच्या सगळ्या बिऱ्हाडांचे राउटर एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण मधे जाड भिंत आली की त्याचा जीव जातो.

आमचा सबटायटलवाला पूर्वी एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत होता. तो शांतपणे म्हणाला, 'वायर टाकू.' आम्ही तिघींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी तो लँडलाइन घ्या म्हणत होता.

चाळीचा फंडा

पण आधी एक गोष्ट क्लिअर करू. नेटवर्क म्हणजे इंटरनेट, असं निम्म्या जगाला वाटतं. मास कॉमच्या दोन वर्षांत मलाही कुणी यातला फरक सांगितला नव्हता. तो मला कळला चाळीमुळे. माझं आजोळ गिरगावातल्या चाळीतलं, म्हणून असेल.

चाळ डोळ्यांसमोर आणा. समोरून जाणारी कॉमन गॅलरी, तिला लागून खोल्या. प्रत्येक खोलीला नंबर. आणि बाहेर रस्त्यावर जायला एक गेट. ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रिंटर म्हणजे एकेक खोली. गॅलरी म्हणजे स्विच, तो आठ भोकांचा छोटा डबा ज्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. खोलीचा नंबर म्हणजे आयपी ॲड्रेस. गेट म्हणजे राउटर. आणि इंटरनेट? ते गेटाबाहेरचा रस्ता. रस्ता बंद पडला तरी गॅलरीतून वाटीभर साखर मागता येते की नाही? तसंच! पावसात बाहेर कुठेतरी केबल तुटून दोन दिवस इंटरनेट गेलं, तेव्हा आमचे प्रिंट निघत होते आणि फायली या टेबलावरून त्या टेबलावर जात होत्या.

१९२.१६८ने सुरू होणारे नंबर तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. ते असे सगळीकडे का असतात, याचंही उत्तर चाळीतच आहे. खोली नंबर पाच प्रत्येक चाळीत असते, तरी पोस्टमनचा घोळ होत नाही, कारण तो आधी चाळ बघतो. जगात या पद्धतीचे नंबर आहेत साधारण ४३० कोटी. माणसं त्याहून कितीतरी जास्त आणि माणशी यंत्रं दोन-तीन. मग १९९६मध्ये काही नंबर घरातल्या-ऑफिसातल्या खासगी वापरासाठी राखून ठेवायचं पक्कं झालं. तेच नंबर प्रत्येक ऑफिसात पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि बाहेर जाताना गेटावरचा राउटर सगळ्यांच्या वतीनं चाळीचा एकच पत्ता सांगतो.

पूर्वी स्विचच्या जागी हब असायचा. हब म्हणजे चाळीच्या चौकात उभं राहून मारलेली हाक. बोलावलंय एकाला, पण ऐकतायत सगळे. स्विच पोस्टमनसारखा. ज्याचं पत्र त्याच्याच दारात.

लॅमिंग्टन रोडची वारी

गिरगावात ऑफिस असण्याचा मोठा फायदा म्हणजे लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून असं विचारलंत तर लोक क्षणभर विचारात पडतील. कॉम्प्युटरशी संबंधित स्क्रूपासून सर्व्हरपर्यंत काहीही तिथे मिळतं. आम्ही आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच, कॅट-६ केबल, भिंतीला चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, यूपीएस आणि दोन हार्ड डिस्क बसणारा एक स्टोरेजचा डबा घेतला. या डब्याचं खरं नाव नॅस. आमच्याकडे तो 'डबा'च.

दुकानदारानंच वायर टाकायला एक काका पाठवले. साठीच्या आसपासचे, खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. राहणार लालबागच्या चाळीत. आल्या आल्या त्यांनी छताकडे पाहिलं, दारावरच्या झरोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'ड्रिल कशाला पायजे? इथून काढतो ना.' आठवडाभर ज्या भिंतीवरून आम्ही मालकांशी वाद घालायच्या तयारीत होतो, तो प्रश्न पाच सेकंदांत मिटला.

'काका, सगळ्यांना वायफायच दिलं तर नाही चालणार?' डिझायनरनं शेवटचा प्रयत्न केला.

'चालतंय की. पण वायफाय पाहुण्याला, ताई. घरच्याला वायर.'

काकांना काम करताना बघणं हा एक अभ्यासच होता. केबल सोलली की आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, वेणीसारख्या पिळलेल्या. हा पीळ शोभेसाठी नसतो. दोन तारा एकमेकींभोवती गुंफल्या की बाहेरच्या विजेचा खरखराट दोघींवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला तो वजा करता येतो. ही आयडिया टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१च्या पेटंटमधली. म्हणूनच टोकाला पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीत ही केबल घालायची नाही. आणि स्विचपासून कॉम्प्युटरपर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत. आमचं अख्खं ऑफिस त्यात दहा वेळा मावलं असतं.

मग रंग. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काका हे स्तोत्रासारखं पुटपुटत तारा ओळीत लावायचे आणि क्रिंपिंगच्या पकडीत 'कट्' असा आवाज करून कनेक्टर दाबायचे. नव्वदच्या दशकात त्यांनी फोर्टमधल्या ऑफिसांत वायरिंग केलंय. 'तेव्हा एकच जाड काळी वायर अख्ख्या ऑफिसातून फिरायची. एकानं आपल्या टेबलाचा जोड काढला की सगळे बंद. मग प्रत्येकाच्या टेबलाखाली वाकून बघायचं, कोणाचं सुटलंय.' त्यांनी कमरेला हात लावला. 'ही कंबर त्याच्यातच गेली.'

या सगळ्याचं मूळ १९७३ सालात आहे. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि त्याचे सहकारी कॉम्प्युटर्स एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडायच्या खटपटीत होते. म्हणजे सुरुवातच मुळी 'प्रिंट काढायचीय' इथून झाली! त्यांनी या पद्धतीला नाव दिलं इथरनेट. मेटकाफला यासाठी २०२२चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षांत कॉम्प्युटरमधलं जवळपास सगळं बदललं, पण हे नाव टिकून आहे.

एका तारेची गोष्ट

संध्याकाळी सगळे दिवे हिरवे लागले. आम्ही वडापाव मागवले. आणि सबटायटलवाल्याचा चेहरा पडलेला.

त्याच्याकडे ४० जीबीची एक फिल्म होती. इंटरनेटवरून क्लाउडवर चढवून दुसऱ्यानं उतरवायची म्हटली तर १०० एमबीपीएसच्या लाइनवर जायला पाऊण तासाहून जास्त आणि यायलाही तेवढाच. ऑफिसातल्या ऑफिसात गिगाबिटवर हे काम सहा-सात मिनिटांचं. त्याच्या मशीनवर मात्र ते तासभर दाखवत होतं. वायर नवी, स्विच नवा, दिवाही हिरवा. मग?

काकांनी टेस्टर लावला आणि हसले. तपकिरी तारेचं टोक कनेक्टरमध्ये पूर्ण पोचलं नव्हतं. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. एक जरी तार रुसली तरी दोन्ही मशीन्स आपापसांत समजूत घालून खालच्या वेगावर येतात. गंमत म्हणजे तक्रार कुणीच करत नाही. काम चालू राहतं, फक्त दहापट हळू. किती ऑफिसं वर्षानुवर्षं अशी रखडत चालत असतील आणि 'नेट स्लो आहे' म्हणून कंपनीला शिव्या घालत असतील! तुमच्या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा एकदा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर दहा रुपयांच्या कनेक्टरवर संशय घ्या.

दुसरा धडा आमच्या सीएबाईंनी दिला. त्यांना टापटिपीची भयंकर आवड. स्विचजवळ एक केबल मोकळी लोंबकळताना दिसली, म्हणून त्यांनी तिचं टोक समोरच्या रिकाम्या भोकात खोचून टाकलं. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. दोन मिनिटांत अख्खं ऑफिस ठप्प! झालं असं की एक निरोप गॅलरीतून निघाला आणि गोल फिरून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि त्याच्या कॉप्या होत होत गॅलरी गच्च भरली. मोठ्या नेटवर्कमध्ये असा वळसा ओळखून आपोआप तोडायची सोय असते. रेडिया पर्लमन या इंजिनीअरबाईंनी ती १९८५मध्ये शोधली. आमच्या साध्या स्विचमध्ये ती नव्हती. आमच्याकडे सबटायटलवाला होता. त्यानं ती केबल काढून कपाटात टाकली.

'म्हणजे विश्वास नाही?'

इथपर्यंत सगळं मजेत होतं. खरी ठिणगी पडली डब्यावरून.

डब्यात सगळ्यांच्या फायली राहणार होत्या. डिझायनर म्हणाली, 'एकच फोल्डर करू. सगळ्यांना सगळं दिसू दे. आपल्यात काय लपवायचंय?'

मी म्हटलं, 'नको.'

माझ्याकडे तेव्हा अकरा रेकॉर्डिंग्ज होती. मॉल्समध्ये सिक्युरिटी आणि साफसफाईचं काम करणाऱ्या बायकांची. बारा-बारा तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, आणि बसलेलं दिसलं तर पगार कापणार. त्या बोलायला तयार झाल्या होत्या घरी, स्टेशनच्या बाकावर, एक तर देवळाच्या मागे. प्रत्येकीनं शेवटी एकच विचारलं होतं, 'नाव नाही ना येणार, ताई?' आणि मी प्रत्येकीला सांगितलं होतं, नाही येणार. त्यांची नावं, त्यांचे आवाज, कुठल्या गेटवर ड्युटी असते ते, सगळं त्या फायलींत होतं. यातली एखादी चुकून कुणाच्या कानावर गेली तर नोकरी माझी जाणार नव्हती.

सीएनं माझी बाजू घेतली. तिच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स. १९४९च्या सीए कायद्यात क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे थेट व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं. 'मैत्री वेगळी, बाई. इथे माझं सर्टिफिकेट टांगलेलं असतं,' ती म्हणाली.

डिझायनर गप्प झाली. मग म्हणाली, 'म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही. सरळ सांगा ना.'

त्यानंतर दोन दिवस ऑफिसात चार वेगवेगळे चहा येत होते. तिनं हेडफोन घातलेले असायचे आणि गाणं बंद असायचं, हे आम्हाला कळत होतं. मला वाईट वाटत होतं. कॉलेजपासूनची मैत्रीण. माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड, माझ्या एटीएमचा पिन आणि माझ्या ब्रेकअपची तारीख, तिन्ही तिला पाठ! तिला कसं सांगायचं की प्रश्न तिचा नाहीये? मला माझं काहीच लपवायचं नव्हतं. पण त्या फायली माझ्या नव्हत्याच. त्या अकराजणींनी माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी काका उरलेल्या पट्ट्या बसवायला आले. ऑफिसातली शांतता त्यांना कळली असणार. शिडीवर उभे राहूनच ते बोलले. 'आमच्या चाळीत दार दिवसभर उघडं असायचं. कोणपण यायचा, कोणपण जेवून जायचा. पण कपाटाची चावी आईच्या कमरेला. आता शेजारी काय चोर होते? नव्हते. पण चोर कुणाच्या घरातून आत शिरेल, काय सांगता येतं?'

डिझायनरनं एका कानावरचा हेडफोन काढला. बोलली काहीच नाही.

मग आम्ही बसून कागदावर यादी केली. कुठलं फोल्डर, कोण बघणार, कोण बदलणार. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. एक 'सामायिक' फोल्डर, त्यात चौघांनाही मुभा. बाकी प्रत्येकाचं खासगी, ज्यात दुसऱ्याला नावंसुद्धा दिसणार नाहीत. डब्याचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, सीएच्या कपाटात. प्रिंटरला कायमचा एकच आयपी ॲड्रेस, नाहीतर आज दिसणारा प्रिंटर उद्या गायब होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय, ज्यातून बाहेरच्या रस्त्यावर जाता येतं पण आमच्या गॅलरीत डोकावता येत नाही. तासाभराचं काम. तंत्रज्ञान त्यात दहा मिनिटांचं. बाकीची पन्नास मिनिटं आम्ही एकमेकांना विचारत होतो, 'हे तुला कशाला लागतं?' असा प्रश्न आम्ही इतक्या वर्षांत एकमेकांना कधी विचारलाच नव्हता.

तो बुधवार

नोव्हेंबर २०२४. बुधवार. डिझायनर एका छापखान्यातून प्रूफ बघून परतली. पेनड्राइव्ह लावला. आत तिच्या फायलींबरोबर एक नवी फाइल, पीडीएफचं चित्र, नाव 'फायनल बिल'. ती होती एक प्रोग्रॅम. विंडोज फायलीच्या नावाची शेपटी एरवी लपवूनच दाखवतं, त्यामुळे वरून फरक कळत नाही. बिल म्हटल्यावर कोण उघडणार नाही? तिनं डबल क्लिक केलं. काहीच घडलं नाही. निदान तसं वाटलं.

वीसेक मिनिटांनी सबटायटलवाला ओरडला, 'सामायिक फोल्डरमधल्या नावांना काय झालंय?' एकेका फायलीच्या नावामागे विचित्र अक्षरं चिकटत होती आणि फाइल उघडेनाशी होत होती. डोळ्यांदेखत. सीएनं कुणाला काही न विचारता स्विचचा प्लगच उपटला.

रॅन्समवेअर म्हणजे काय, हे मी पेपरांत वाचलं होतं. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर्सना कुलूप घातलं. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या आलं आणि आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं, कंटेनरच्या रांगा लागल्या. या दोन्हींची खासियत हीच होती की ती नेटवर्कमधून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर स्वतः सरकत जायची. आमच्याकडे आलेलं त्यापुढे किरकोळच. ते तिच्या लॉगिनला जिथे जिथे लिहायची मुभा होती, तिथे तिथे गेलं. तिचं मशीन संपलं. सामायिक फोल्डर संपलं.

माझ्या आणि सीएच्या फोल्डरला त्यानं हात लावला नाही. लावूच शकलं नाही. तिच्या चावीनं ती दारं उघडतच नव्हती. आणि कुलूप घालणं परवडलं, असं आता म्हणायची वेळ आलीय. कारण हल्लीच्या टोळ्या आधी फायली चोरतात आणि मग 'पैसे द्या, नाहीतर जगाला दाखवतो' म्हणतात. जे दिसतच नाही, ते चोरता येत नाही.

डिझायनर खुर्चीत बसून होती. तिची सहा महिन्यांची कामं स्क्रीनवर निरर्थक अक्षरं होऊन पडलेली. मला वाटलं ती तिच्या फायलींबद्दल विचारेल. तिनं विचारलं, 'तुझ्या त्या बायका?'

म्हटलं, 'आहेत. कुणी शिवलेलं नाही.'

तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. त्या वेळी बोलण्यासारखं काही नव्हतंच.

शुक्रवारची डिस्क

तिची कामं परत मिळाली, बरं का! जवळजवळ सगळी. याचं श्रेय एका फोटोग्राफरला. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं डिजिटल फोटो सांभाळायचा '३-२-१' हा मंत्र लोकप्रिय केला. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर. त्यातली एक दुसऱ्या जागी. आम्ही तो पहिल्या दिवसापासून पाळत होतो. डब्यात दोन डिस्क आहेत, एक बिघडली तर दुसरी चालू राहते. पण याला बॅकअप म्हणायचं नाही, कारण फायलींना कुलूप लागलं तर दोन्हींवर एकाच क्षणी लागतं. म्हणून दर शुक्रवारी एका वेगळ्या डिस्कवर सगळं उतरवायचं, ती सोडवायची आणि सबटायटलवाल्यानं ती डोंबिवलीला घरी न्यायची. त्या बुधवारी ती त्याच्या घरच्या कपाटात, कशालाही न जोडलेली, शांत पडून होती. गेलं ते शनिवारपासूनचं काम. खंडणी एक रुपया दिली नाही. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, मशीन पुसून नव्यानं उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिझायनरनंच चौघांचा चहा सांगितला.

आता मित्रमैत्रिणी ऑफिस थाटायला निघाले की मला विचारतात, कुठला राउटर घेऊ? मी म्हणते, आधी कागद घे. कोणाच्या कुठल्या गोष्टी तुझ्याकडे विश्वासानं आल्यात, ते लिही. मग त्या कोणाला दिसायला हव्यात, ते लिही. उरलेलं काम काकांचं.

आपल्या पिढीला पासवर्ड शेअर करण्यात प्रेम दिसतं. ओटीटीचा, फोनचा, मेलचा. मलाही दिसतं. पण ऑफिसातल्या फायलींमधली माणसं आपल्या मैत्रीत सामील नसतात. त्यांना आपली मैत्री किती जुनी आहे, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांनी एकाच माणसाकडे बघून तोंड उघडलेलं असतं.

माझी स्टोरी डिसेंबरमध्ये छापून आली. एकाही बाईचं नाव न येता. रेकॉर्डिंग्ज अजून सांभाळून ठेवलीत, कारण उद्या कुणी 'हे खोटं आहे' म्हटलं तर तीच आमची साक्ष. दर शुक्रवारी संध्याकाळी सबटायटलवाला ती डिस्क रुमालात गुंडाळून बॅगेत टाकतो आणि चर्नी रोडकडे सुटतो. दादरला बदलून पुढे डोंबिवली लोकल. त्या गर्दीत त्याच्या छातीशी अकराजणींचे आवाज असतात. तो ते ऐकू शकत नाही. चावी माझ्याकडे असते. त्यानं ती कधी मागितलेली नाही.